उकळलेलं पाणी

माझ्या जिभेला धार आहे असं लोक म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. मुलींच्या शाळेत मास्तरकी करण्यात जन्म गेला, त्यातला निम्मा ओरडण्यात गेला. उत्तर द्यायला मी कधी अडले नाही. फक्त एकदा एका कुळवाड्याच्या सुनेने चारचौघींत मला एक साधा प्रश्न विचारला, आणि त्याला मी जे उत्तर दिलं ते मला अजून पचलेलं नाही. तेवढं एकदा कागदावर उतरवावं म्हणून बसले आहे.

रत्नागिरीत पटकी आली त्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा जेमतेम पंचविशीची. लग्नानंतर दोन वर्षांत कपाळ पुसलं गेलेलं, भावाने हट्टाने शिकवलेलं, आणि शाळेत नुकती लागलेली. पटकीला आमच्याकडे पटकी कुणी म्हणत नसे. वाखा म्हणायचे, आणि तेही आवाज खाली करून, न जाणो तिला ऐकू गेलं तर! वैशाख चालू होता. सड्यावरच्या, उघड्या कातळपठारावरच्या विहिरींनी तळ गाठला होता, एकेका विहिरीवर तीन-तीन वाड्यांच्या कळशा. सकाळी परड्यात गवत काढणारा माणूस दिवेलागणीला तिरडीवर बांधलेला असायचा. बाजार ओस पडला, शाळा बंद झाली, आणि मला घरात बसवेना.

शहरात आम्हां बायकांचं एक मंडळ होतं. हळदीकुंकू करायचं, कुणीतरी निबंध वाचायचा, बाकीच्यांनी छान छान म्हणायचं, असला कारभार. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आम्हांला बोलावून घेतलं. बिचारे चार रात्री झोपले नसतील. म्हणाले, "विहिरीत लाल औषध मी टाकीन. पण चुलीपर्यंत माझा हात पोचत नाही. तिथे तुम्हीच गेलं पाहिजे." मग त्यांनी आम्हांला धडा दिला. पाणी उकळूनच प्यायचं. अन्न झाकून ठेवायचं. आजाऱ्याचे कपडे विहिरीवर धुवायचे नाहीत. हात राखेने धुवायचे. आणि ज्या वाडीत रोग आहे तिथल्या माणसाने दुसऱ्या गावी जायचं नाही. त्यांनी आम्हांला दंडात टोचलंही. दोन दिवस दंड भोपळ्यासारखा सुजला, आणि तिसऱ्या दिवशी मी छत्री घेऊन निघाले.

माझ्या वाटणीला मिरजोळ्याच्या पलीकडची एक वाडी आली. जांभ्याच्या पाखाडीने, दगडी पायऱ्यांच्या वाटेने, वर चढून जायचं, सड्याच्या टोकाला वीस-पंचवीस घरं. सगळे कुळवाडी, खोतांची जमीन कसणारे कुणबी. बाप्ये बहुतेक मुंबईला गिरणीत, घरी म्हाताऱ्या, सुना आणि पोरं. पहिले आठ दिवस माझं कुणीही ऐकलं नाही. औषधाने विहिरीचं पाणी गुलाबी दिसायला लागलं तर बायका ती विहीर सोडून वहाळाच्या, आटत आलेल्या ओढ्याच्या, डबऱ्यातलं पाणी भरायला लागल्या, म्हणजे आगीतून फुफाट्यात! मी रागावले, ओरडले, शाळेतल्यासारखी एकीला कोपऱ्यात उभी करायचीच काय ती बाकी ठेवली. त्या पदर तोंडाला लावून ऐकायच्या आणि मी पाठ फिरवली की हसायच्या.

वाडीच्या शेवटच्या घरात मात्र माझं ऐकणारी एक जण होती. घरात तिघीच, सासू, सून आणि सुनेची दीड-दोन वर्षांची मुलगी. नवरा मुंबईला, शिमग्याला येऊन परत गेलेला. सून माझ्याहून चार वर्षांनी लहान असेल, पण तिची दोन मुलं आधीच गेली होती. एक जन्मतानाच, एक तापाने. ही तिसरी. पोरीच्या गळ्यात, दंडात, कमरेत इतके ताईत आणि दोरे बांधलेले की मला ती पोर कमी आणि गाठोडं जास्त वाटायची. पण काय गोड होती हो! माझी छत्री दिसली की दुडदुडत यायची, तिची मूठ दोन्ही हातांत धरायची आणि सोडायची नाही. निघताना रोज तिच्या हातातून छत्री सोडवणं हे एक कामच होऊन बसलं होतं.

एके सकाळी मी गेले तर पडवीत गाठोडी बांधलेली. सासू म्हणाली, "बाई, सुनेला नि पोरीला हिच्या माहेराला धाडत्येय. थय वाखा नाय. कौल घेतला मी. देवान उजवा दिलान."

आमच्याकडे अडीअडचणीला गावदेवीला कौल लावतात. पाषाणाला दोन्ही अंगांना फुलाच्या कळ्या चिकटवायच्या आणि मनातला प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. म्हातारीने विचारलं होतं, पोरीला माहेरी पाठवू का? उजवी कळी पडली होती.

झालं! माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "देवाला जंतू दिसतात का हो? ही पोर वाटेत आजारी पडली तर? हिच्यापायी माहेरच्या चार घरांत वाखा गेला तर ते पाप कुणाच्या माथी?" नियम बरोबर होता. आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. पण मी नियम सांगत नव्हते, मी म्हातारीला हरवत होते. आठ दिवस सगळ्या वाडीने मला हसण्यावारी नेलं होतं, त्याचा सगळा राग मी त्या एका कळीवर काढला.

सुनेने पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि माझ्याकडे सरळ बघत विचारलं, "बाई, ऱ्हायलो तर माजी पोर जगंल ना?"

"पाणी उकळून दे तिला," मी म्हटलं. "उकळलेल्या पाण्याखेरीज एक थेंब देऊ नको. तिला काही होत नाही. मी सांगते ना!"

मी सांगते ना. केवढा तोरा! जशी काही यमाची दफ्तरं माझ्याच कपाटात होती. सुनेने सासूकडे पाहिलं, आणि म्हातारीने गाठोड्यांच्या गाठी सोडायला घेतल्या.

त्या दिवसापासून ते घर म्हणजे माझं घर झालं. सुनेने एक वेगळं तपेलं पाण्याला ठेवलं. चुलीत सकाळ-संध्याकाळ लाकडं सारायची, पाण्याला खळखळून उकळी आली की फळी घालून झाकायची. भाताची पेज झाकलेली, हात धुवायला दारात राख. मी दुसऱ्या घरच्या बायकांना हाताला धरून तिथे न्यायची आणि दाखवायची, बघा, हिला जमतं, तुम्हांला का जमत नाही? ती लाजून चुलीत फुंकर घालत बसायची. हळूहळू चार घरांतून पाण्याची तपेली चढली. सहा घरांतून चढली. मला आकाश ठेंगणं झालं.

एक दिवस ऊन फार होतं. पाखाडी चढून माझा घसा सुकला होता. मी तिच्या पडवीत बसले आणि म्हटलं, "पाणी दे गं जरा."

ती दचकली. सासू तर उठूनच उभी राहिली. आज कुणाला त्याचं काही वाटणार नाही, पण तेव्हा माझ्यासारख्या ब्राह्मणाच्या विधवेने कुळवाड्याच्या घरचं पाणी मागणं ही लहान गोष्ट नव्हती. माझ्या आईला कळलं असतं तर तिने मला अंगणात उभं केलं असतं. मला हे सगळं ठाऊक होतं आणि म्हणूनच मी मागितलं होतं. सून आत गेली. दारातून चूल दिसत होती. तिने तांब्या राखेने घासला, तपेल्यातलं पाणी त्यात ओतलं, वाफ निघाली, मग ती बाजूच्या हंड्याकडे वळली, मग बाहेर आली आणि पदराने तांब्याचं बूड पुसून तो माझ्या हातात दिला. पाणी कोमट होतं. मी गटागटा प्यायले, तोंड पुसलं आणि म्हटलं, "शाबास!" पोर छत्रीला लोंबकळत होती. सासूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी नीट पाहून घेतलं.

संध्याकाळी मंडळात मी ही हकिकत रंगवून सांगितली. कुणी नाक मुरडलं, कुणी वाहवा केली. मला दोन्ही आवडलं.

त्यानंतर मला ताप आला म्हणून मी चार-पाच दिवस घरी होते. बरी होऊन वाडीत गेले तर पाखाडीच्या तोंडाशीच एक म्हातारी भेटली. तिने मला बघून वाट सोडली आणि उलट्या बाजूला तोंड करून उभी राहिली. मी विचारलं, कोण? तिने हाताने वाडीच्या टोकाकडे दाखवलं.

पोर दोन दिवसांपूर्वी गेली होती. पहाटे जुलाब सुरू झाले, डॉक्टरांना निरोप जाऊन ते येईपर्यंत डोळे आत ओढले गेले होते. दुपार टळायच्या आत सगळं आटोपलं. दंडातले आणि कमरेतले दोरे तिच्याबरोबरच पुरले म्हणे.

मी त्या घरी कशी गेले ते मला आठवत नाही. काय सांगायचं तेही ठरवलं नव्हतं. सासू पडवीत चटईवर आडवी पडली होती. तिने मला पाहिलं, उठली नाही, नुसती म्हणाली, "देवान उजवा दिला होतान, बाई."

एवढंच. ती माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

सून चुलीपाशी होती. तिचा चेहरा मातीने सारवल्यासारखा सपाट. मला पाहून ती म्हणाली, "मी केलंय हो बाई. तुमी सांगितलंत तसाच केलंय. एकदा पन चुकवला नाय." आणि खरंच, तपेलं चुलीवर होतं आणि त्यातलं पाणी खळखळ उकळत होतं. पोर नव्हती तरी ती पाणी उकळत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझी छत्री कोपऱ्यात ठेवताना मला वाटलं, आता ती कुणाच्या हातातून सोडवायची नाही, आणि मला रडू फुटलं.

तेवढ्यात म्हातारीने पाणी मागितलं. सुनेने तांब्या घेतला, अर्धा तपेल्यातल्या कढत पाण्याने भरला, मग शेजारच्या हंड्यात, विहिरीवरून आणलेल्या कच्च्या पाण्याच्या हंड्यात, भांडं बुडवलं आणि त्यातलं पाणी वरून तांब्यात ओतलं.

"हे काय करतेस?" मी ओरडले.

ती चमकली. "विसण घालत्येय. म्हातारीचा तोंड भाजंल ना."

विसण. आंघोळीच्या कढत पाण्यात आपण घालतो ते, सोसेल इतकं गार करायला. घरोघरी रोज घालतात. माझ्या घरीही घालतात. उकळायला सांगितलं म्हणून ती मन लावून उकळत होती, आणि कढत पाणी प्यायचं कसं म्हणून त्यात विहिरीतलं पाणी मिसळत होती. वहाळातलंही असेल. निवेपर्यंत थांबायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी पाणी उकळायला सांगितलं. किती वेळ, कशात, झाकायचं कशाने, सगळं सांगितलं. पण उकळल्यावर काय करायचं ते सांगायचं माझ्या मनातही आलं नाही.

"पोरीला पण असंच द्यायचीस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंग? ल्हान जीव तो. कढत कसा पील?"

मी तिच्या हातातून तांब्या घेतला आणि ते पाणी अंगणात ओतून टाकलं. म्हटलं, "आजपासून विसण घालू नको. पाणी आपोआप निवू दे. कितीही वेळ लागो." का, ते सांगितलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेला नजर न देता मी निघाले. पळाले म्हणा ना.

पण पळून भागणार नव्हतं. आणखी घरं होती, आणखी पोरं होती. वाटेत मी एकेका घरात डोकावून विचारलं. सगळीकडे तेच. ज्या ज्या घरात मी तपेली चढवली होती त्या प्रत्येक घरात प्रत्येक तांब्यात विसण पडत होतं. आता सगळ्यांना सांगणं भाग होतं, आणि सगळ्यांना सांगायचं म्हणजे तिलाही कळणार होतं. दुसरी वाट मला दिसली नाही, अजूनही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढच्या पारावर मी बायकांना जमवलं. या वेळी हसलं कुणी नाही. मी सांगितलं, उकळलेल्या पाण्यात कच्च्या पाण्याचं एक भांडं पडलं की सगळं पाणी कच्चं झालं. विसणातून वाखा येतो. पाणी उकळा आणि निवायची वाट बघा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बोलता बोलता माझं लक्ष गेलं, तर ती पाराच्या कडेला उभी होती. घरात सुतक म्हणून सगळ्यांपासून चार पावलं लांब. सगळं ऐकत होती.

मी थांबले. मग तिने विचारलं. आवाज चढवला नाही, रडली नाही, शाळेतली मुलगी न समजलेलं विचारते तसं विचारलं.

"बाई, ह्ये आदी कशापाय नाय सांगितलंत?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग मी म्हटलं, "मला ठाऊक नव्हतं गं. तुम्ही पिण्याच्या पाण्यातही विसण घालता हे मला ठाऊकच नव्हतं."

तिने मान हलवली. तिला ते पटलं. बाई शहरातली, तिला आमच्या चुलीतलं काय कळणार, असं काहीतरी तिच्या मनात आलं असावं. मग ती बायकांकडे वळली.

"बायांनो," ती म्हणाली, "बाई सांगतायत ता आयका. विसण घालू नका. मी घालीत होत्ये. माज्या हातान घालीत होत्ये."

आणि पदर सावरून ती घरी निघून गेली.

माझ्या तीन आठवड्यांच्या बडबडीने जे झालं नाही ते तिच्या त्या एका बोलण्याने झालं. त्या दिवसापासून वाडीत कुणी विसण घातलं नाही. दारोदारी पाण्याची तपेली निवत ठेवलेली दिसायची, पोरं तहानेने रडायची आणि आया त्यांना थोपटत बसायच्या. वाखा काही दिवसांनी ओसरला. डॉक्टरांनी मंडळाच्या सभेत माझं नाव घेऊन कौतुक केलं, पुढे एवढ्यासाठीच मला दुसऱ्या गावांतही पाठवलं. सगळीकडे गेल्या गेल्या मी पहिली गोष्ट सांगायची ती विसणाची. लोक म्हणायचे, बाईंना बारीकसारीक किती ठाऊक असतं!

पाच-सात वर्षांनी ती मला बंदरावर भेटली. बोटीची वाट बघत गाठोड्यावर बसली होती, मांडीवर वर्षाचा मुलगा. नवऱ्याने मुंबईला बोलावून घेतलं होतं. सासू वारली होती. मला पाहून धडपडत उठली. "बाई, वळकलात?" मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार! मुलाने मला छत्रीसकट न्याहाळलं आणि तोंड फिरवलं. तिच्या गाठोड्याशेजारी फडक्याने तोंड बांधलेली एक कळशी होती. तिने ती सोडली आणि भांड्यात पाणी ओतून माझ्यापुढे केलं.

"उकळून निववलेला हाय," ती म्हणाली. "रातभर निववला. आता मी आंगोळीला पन विसण घेत नाय, बाई. हात वळत नाय हंड्याकडं."

मी पाणी प्यायले. गार होतं. तिला सांगायची हीच वेळ होती, पुन्हा ती भेटणार नव्हती. सांगायचं होतं की पोर गेली ती तू घातलंस म्हणून नव्हे, मी पाहिलं आणि अडवलं नाही म्हणून. त्या उन्हाच्या दिवशी तुझ्या पडवीत बसून मी पाणी मागितलं, तेव्हा तू तांब्या घेऊन हंड्याकडे वळलीस, हंड्यात भांडं बुडवलंस, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वाफ निघणारं पाणी कोमट होऊन माझ्या हातात आलं आणि मी ते प्यायले. तेव्हा पोर माझ्या छत्रीला लोंबकळत होती. पण मी कुळवाड्याच्या घरचं पाणी पितेय, याचं मला इतकं कौतुक वाटत होतं की ते पाणी कसलं आहे इकडे माझं लक्षच नव्हतं.

बोटीकडे नेणारे पडाव लागले. तिने मुलाला कडेवर घेतलं, वाकून माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "येत्ये बाई." मी म्हटलं, "ये हो," आणि रिकामं भांडं तिच्या हातात परत दिलं.